स्टुडिओतला काळा कोट

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका साप्ताहिकात जुन्या रत्नागिरीतल्या विक्षिप्त माणसांवर लिहू लागलो. घंटेचा सूर बिघडवला म्हणून तांबटाशी वर्षभर अबोला धरणारा पुजारी, बायकोवर रुसून महिनाभर होडीत मुक्काम ठोकलेला खलाशी, असली माणसं मी हुडकून काढायचो. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "मास्तर, पुढचा कोण?" त्या प्रश्नाची मला चटक लागली.

एकदा, कधीच बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकाच्या मुलाने जुन्या फोटोंचा गठ्ठा दाखवला. बघता बघता लक्षात आलं, माणसं वेगळी, पण कोट एकच. काळा, आणि खालून दुसरं बटण तेवढं शिंपल्याचं, पांढरं.

"बाबांनी खुंटीला टांगून ठेवलेला," तो म्हणाला. "ज्याच्याकडे कोट नसेल त्याला घालायचे. ढगळ व्हायचा, मग पाठीमागून टाचण्या."

मला हसू आवरेना. तसंच एक पांढरं बटण मी गावातच, मांडवीला एका घरात भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला होते, वारून बरीच वर्षं झाली होती.

"जुन्या रत्नागिरीवर लिहितोय, फोटो द्याल का?" एवढंच मी बोललो.

आजींनी स्टुलावर चढून फोटो स्वतः उतरवला, पदराने काच पुसली.

"हा कोट त्यांनी लग्नाआधी मुंबैला शिवून घेतलेला," त्या म्हणाल्या. "हाच फोटो आमच्या बाबांना धाडलेला. बघून बाबा लगेच हो म्हणाले."

माझी नजर बटणावर होती. मी "वा!" म्हटलं, चहा प्यायलो, फोटो पिशवीत घातला.

स्टुडिओतल्या कोटाचा आणि टाचण्यांचा लेख गाजला. नाव मी घातलं नव्हतं, पण फोटो छापला होता, आणि मुंबईत शिवलेल्या कोटाचं त्यांचं वाक्यही. मांडवीत तो चेहरा कुणाला ओळखू येणार नव्हता? त्यांच्या नात्यातल्या मंडळींनी लेख मोबाईलवर सगळीकडे पाठवला. कुणीतरी त्या घराला 'टाचणीवाले' म्हणू लागलं.

फोटो परत द्यायला गेलो तेव्हा सून दारातच म्हणाली, "आत या." ती एरवी हसून बोलायची. आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"मास्तर, फोटो नेलात तेव्हा तुमाला ठावं व्हतं?"

मी खाली बघत म्हटलं, "होय."

"मलापण ठावं व्हतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनीच सांगितलं. रडले माझ्यासमोर. मी म्हटलं, हे आता तुमच्या-माझ्यात. पोरांना कधी कळू दिलं नाय." मग त्या म्हणाल्या, "तुमी विचारलं असतंत, तर नको म्हटलं असतं."

"पुढच्या अंकात खुलासा छापतो," मी म्हणालो.

"काय छापाल? कोट त्यांचाच व्हता म्हणून?"

मी फोटो झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी चहाचं विचारलं नाही, आणि मीही थांबलो नाही. फाटकापर्यंत सून आली. "फोटो आता आतल्या खोलीत लावायचा म्हणतायत," एवढंच ती बोलली.

चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो, दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये. फोटो मी विचारून घेतला होता. बाकीचं सगळं न विचारता.

त्यानंतर मी सदर बंद केलं. संपादकांना डोळ्यांचं कारण सांगितलं, आणि त्यांनी ते खरं मानलं. मांडवीला फिरायला जातो तेव्हा अजूनही त्या घरावरून न जाता मागच्या गल्लीने जातो.