क्लिपा नेणारा उंदीर

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. कुठल्या गाडीचे ते कधीच न कळणारे नटबोल्ट, आणि किस्से. नटबोल्ट आम्ही डब्यात टाकतो. किस्से कुठं टाकणार? मग चहाला बसलेल्या गिऱ्हाइकाच्याच गळ्यात मारतो!

सावेडीत माझं आणि सलीमभाईचं भागीदारीत गॅरेज आहे. इंजिन त्याच्याकडं, तोंड माझ्याकडं. यंदाच्या थंडीतले सगळे किस्से मात्र एकाच गाडीचे. गायकवाड सरांच्या.

सर इंग्रजीचे, आता रिटायर्ड. मी त्यांचा विद्यार्थी, इंग्रजीत दोनदा नापास. घर आमच्या मागच्याच गल्लीत आणि गाडी अठरा वर्षांची. दरवर्षी सर काकूंना घेऊन भंडारदऱ्याला जातात, स्वतः चालवत. यंदा रविवारी जायचं ठरलं, आणि सोमवारपासून गाडी सकाळी स्टार्ट केली की थरथरायला लागली.

* * *

मी गाडी गॅरेजला आणली. सलीमभाईनं कान दिला आणि म्हणाला, "मिसिंग हाय." आमच्या धंद्यात इंजिनाचा ठोका चुकला की मिसिंग.

सरांना कळवावं म्हणून फोन लावला. काकूंनी उचलला.

"काकू, गाडी मिसिंग आहे!"

"अगं बाई! आत्ता तर तूच नेलीस ना रे?"

पाच मिनिटांत गल्लीतले चार जण गॅरेजच्या दारात हजर, पाचवा पोलीस चौकीच्या वाटेवर. आणि गाडी सगळ्यांच्या समोर उभी, थडथड करत! मागून सर आले. "मिसफायरिंग म्हणावं रे. उगाच नव्हतं नापास केलं तुला!"

* * *

सलीमभाईची तपासायची एक रीत आहे. चालू इंजिनावर चहाचा ग्लास ठेवायचा. चहा हलला नाही तर गाडी पास.

सरांच्या गाडीवर ठेवला, तर चहा सलीमभाईच्या शर्टावर. मग सापडलं. हवेचा एक रबरी पाईप निसटला होता आणि तो आवळून धरणारी कड्यासारखी जुनी क्लिप तुटून पडली होती. पाईप बसवला, नवी क्लिप लावली. चहा जागचा हलला नाही. तोच चहा सरांनी पिऊन टाकला आणि खूश होऊन गेले.

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. पाईप निसटलेला, क्लिप गायब!

* * *

बुधवारीही तेच. आता सलीमभाई पेटला. प्लग बदलले, कॉइल तपासली, पाईपसुद्धा नवा घातला. गुरुवारी पुन्हा क्लिप गायब.

"उंदीर हाय," सलीमभाई म्हणाला.

"उंदीर पाईप कुरतडेल. क्लिप कशाला नेईल? साखरपुडा करायचाय त्याला?"

त्यानं ऐकलं नाही. बोनेटच्या आत उंदराचा चाप लावला, त्यात कांदाभजी. सकाळी चाप तसाच, भजी तशीच, क्लिप गायब! चाप काढताना सलीमभाईचं बोट अडकलं, ते वेगळंच.

अकोल्याचा एक टेम्पोवाला बसला होता. तो म्हणाला, "लई दिस उभी ऱ्हाती ना, रुसली आसंल." तोपर्यंत आमची अक्कल इतकी संपली होती, की सलीमभाईनं त्याला विचारलं, "मग काय करू? समजूत काढू?"

* * *

शनिवारी सकाळी परत फोन. मी एकटाच सरांच्या घरी गेलो. बोनेट उघडलं. पाचवी क्लिपही गायब. डोक्याला हात लावून बसलो तर काकूंनी चहाला आत बोलावलं.

स्वयंपाकघरात ओट्यावर पिशव्या मांडलेल्या. पोहे, रवा, शेंगदाणे, हळद. चारी पिशव्यांची तोंडं पिळून वर काहीतरी चकचकीत बसवलेलं. जरा वाकून पाहिलं. आमच्या क्लिपा!

"काकू!"

"हळू बोल. सांडशीनं निघतात रे, पहाटे."

"पण का?"

त्यांनी पिठाच्या डब्यामागून डॉक्टरांचा कागद काढला. सरांच्या पँटच्या खिशात घडी करून ठेवलेला, धुवायला टाकताना सापडलेला. काचबिंदू. गाडी चालवायची नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. "मला म्हणाले, सगळं ठीक आहे. समोरचं दिसतं त्यांना, बाजूचं दिसत नाही. तुळशीची कुंडी दोनदा पाडली, म्हणे मांजर आलं होतं! आणि उद्या घाट चढणारेत. ऐकतात का कुणाचं? बोलले तर जेवायचे नाहीत दोन दिवस."

मी कागदाची घडी होती तशी पुन्हा घातली. एवढी वर्षं मी या माणसाला घाबरत आलो होतो.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण एक कळत नाही रे. आज तर मी काढली नव्हती. गुडघे धरलेत, उठताच आलं नाही. मग थरथरली कशी?"

मी पिशव्या पुन्हा मोजल्या. चारच. आम्ही लावलेल्या पाच. आता मात्र मलाही उंदराची शंका यायला लागली.

बाहेर आलो. सर बोनेटला हात टेकून उभे होते. आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, "काय रे, अजून मिसिंगच ना?"

आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या तोंडून तो शब्द ऐकला.

"मिसिंगच, सर."

"बरं. मग उद्या एसटीनं जाऊ आम्ही."

मग त्यांनी माझा हात धरला आणि तळहातावर काहीतरी गार ठेवलं. पाचवी क्लिप.

"आज तिला उठता आलं नाही," सर हळूच म्हणाले. "मीच काढली."