पुठ्ठ्यावरचा बैल

आमच्या गोठ्यात आता बैल नाही. तिथं सुनेची स्कूटी असते, कांद्याच्या रिकाम्या गोण्या असतात आणि पावसाळ्यात कोंबड्या. तरी घरात एक बैल होता. तो मोबाईलमध्ये होता. पांढरा खिलार, शर्यतीचा, नेवाशाकडच्या एका गावचा. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचा ते ओळखतील, कारण त्याला मानणारी माणसं एखाद्या पुढाऱ्यामागं नसतील एवढी आहेत. त्याच्या नावानं मोबाईलवर पान काढलंय. त्याच्या वाढदिवसाला केक कापतात, आणि बैल तो केक खात नाही.

हा बैल आमच्या घरात माझ्या कारभारणीनं आणला. गुडघ्यांमुळं तिला उठता येत नव्हतं. मग सुनेला सांगून रोज दुपारी त्याचे व्हिडिओ लावून घ्यायची. बैल मैदानात सुटला की ही खाटेवरून ओरडायची, "हाण! हाण! हाण!"

मी म्हणायचो, "अगं, शर्यत होऊन महिना झाला. आता तुझ्या वरडन्यानं तो काय जोरात पळनार हाय का?"

"तुमच्या का पोटात दुखतंय? तुमी तुमची तंबाखू मळा."

ती गेली तेव्हा उसाची तोड चालू होती. दहाव्याला प्रवरेच्या काठावर पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाई समाधानानं गेली. मला तो कावळाच दिसला, दुसरं काही दिसलं नाही. रडूही आलं नाही. भावकीत बोलणं झालं की म्हातारा लई घट्ट हाय. घट्ट वगैरे काही नव्हतो. एका जागी मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, पाय आपला आहे का दुसऱ्याचा ते कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. सून जेवा म्हणाली की जेवायचो. चहात साखर घालायला ती एकदा विसरली, तर मी तसाच पिऊन कप खाली ठेवला. तिनं स्वतः प्यायला घेतला तेव्हा तिला कळलं.

पोरगा ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा येतो. घरात मी आणि सून. तिनं व्हिडिओ लावायचं बंद केलं नाही. सवय पडली होती म्हणा, का घर फार गप झालं होतं म्हणा. एका दुपारी ती अंगणात गहू निवडत बसली होती. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात बैल पळत होता. माझ्यापुढं डाळिंबाच्या खोक्याचा पुठ्ठा पडला होता. पाणी तापवायच्या चुलीतला कोळसा हाताशी होता. हातानं बैल काढला. मी काढला असं म्हणवत नाही, कारण काढायचा असं मी ठरवलं नव्हतं. पुठ्ठा तांबडा, बैल पांढरा, म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं लावला.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. अक्षर माझं अजून गचाळच आहे. पण बैलाचा पाय कुठून वळतो ते मला पाठ होतं. पोळ्याला गावातली माणसं त्यांच्या भिंतीवर गेरूचे बैल काढायला मला बोलवायची, आणि बाजारात जोडी घ्यायची तर मला बरोबर न्यायची. मी नको म्हटलेला बैल आमच्या गावात कुणी घेतला नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. होतं तसं लिहितो.

सुनेनं मान वर केली. "मामा! हे तुमी काढलं?"

"मग काय कोंबडीनं काढलं?"

तिनं फोटो काढला आणि त्या बैलाच्या पानावर टाकून दिला. मला विचारलं नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता एकेक वाचून दाखवायला लागली. एक नंबर, आजोबा. काळीज जिंकलं, आजोबा. आजोबांच्या हाताला सलाम.

मी म्हटलं, "हा काळीजवाला कोन हाय?"

"मला काय माहीत? साताऱ्याकडचा दिसतोय कोनीतरी."

"मला आजोबा म्हनतोय तो?"

"मग काय दादा म्हनू का?"

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. कुणीतरी लांब दुसऱ्याशीच बोलतंय असं वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी सुनेनं श्रीरामपूरला फळांच्या दुकानातून खोके मागून आणले, कापून माझ्यापुढं ठेवले, आणि मी परत काढायला बसलो. बैल पळताना काढला. बैल पाणी पिताना काढला. बसलो म्हणजे दुपार कुठं जायची कळायचं नाही. दुसरं काही वाटत नव्हतं.

मग एक मोठं चित्र काढलं. बैलाच्या मालकानं त्याच्या गालाला गाल लावून स्वतःच मोबाईल धरून एक व्हिडिओ केला होता. त्यात बैलाचं तोंड अगदी समोर होतं. एका कानाखाली रुपयाएवढा काळा डाग, आणि त्याच बाजूचं शिंग टोकाला जरा आत गेलेलं. सून व्हिडिओ थांबवून धरायची, मी बघून काढायचो. चित्र साधलं होतं. ते मला कळत होतं.

त्या संध्याकाळी सुनेनं मोबाईल उघडला, बघितला आणि उपडा ठेवला.

"वाच की."

"काय न्हाई. असंच कायतरी लिहित्यात रिकामटेकडी."

"वाच म्हनतो ना."

तिनं खालमानेनं वाचलं. बाबा, चष्मा बदला. हा आमचा वाघ न्हाई, बाजारातला डुप्लिकेट माल हाय. डाग डाव्या कानाखाली हाय, बाबांनी उजव्या कानाखाली काढलाय, शिंग बी तसंच. आणि शेवटचा एक होता, त्यानं फार काही लिहिलं नव्हतं. चित्र काढायचं तर आधी बैल बघावा, एवढंच.

मी बैल पारखणारा माणूस. कुणी असं तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याला बाजारातून घालवला असता. राग यायला पाहिजे होता. तो आला नाही. मी कोळसा चुलीत टाकला, हात धुतले आणि सुनेला म्हणालो, "आता चित्र काढायचं न्हाई."

मग परत ओट्यावर बसायला लागलो. समोरून उसाचे ट्रॅक्टर जायचे ते बघायचो. बघायचो म्हणजे डोळे तिकडं असायचे. सुनेनं पुठ्ठे पुढं आणून ठेवले, ते कोंबड्यांनी घाण केले. एका दुपारी माझं ताट उचलताना तिनं ते दाणकन खाली आपटलं.

"मामा, तुमी चित्र काढता त्या दिवशी दोन भाकरी खाता. न्हाई काढत त्या दिवशी अर्धी बी उष्टी टाकता. मी काय आंधळी हाय का? आत्याबाई गेल्या. आता तुमी बी असं बसून बसून जायचं ठरवलंय का? ठरवलं असंल तर सांगून टाका, तुमच्या पोराला बोलावून घेते."

मी म्हणालो, "डाग जिथं दिसला तिथंच मी काढलाय."

"मग एवढी लोकं खोटं बोलत्यात?"

"लोकं खोटं बोलत न्हाईत. मी बी न्हाई."

"दोघांचं कसं खरं असंल?"

"ते मला काय ठाऊक."

तिनं रागारागानं तो व्हिडिओ परत लावला आणि माझ्या नाकापुढं धरला. डाग उजव्याच कानाखाली होता. तिनं परत एकदा बघितलं. मग मोबाईल स्वतःकडं वळवून डोळ्याजवळ नेला. बैलाच्या मागं एक टेम्पो उभा होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

"मामा, ही अक्षरं बघा."

"मला कसली अक्षरं दाखवतीस? मला नीट लिहिलेली बी अडखळत वाचावी लागत्यात."

"अहो, ही कुनालाच येनार न्हाईत! उलटी हायत. आरशात दिसत्यात तशी." मग तिनं सांगितलं. माणूस स्वतःकडं मोबाईल वळवून शूटिंग करतो ना, तेव्हा काही मोबाईल आरशासारखं उलटं धरतात. डावं ते उजवीकडं जातं. मालकानं पानावर आरशातला बैल सोडला होता आणि मी आरशातला बैल काढला होता. ती एवढी हसली की पदरानं डोळे पुसले. मला हसू आलं नाही. बरं वाटलं का, तर तेही नाही.

"थांबा," ती म्हणाली. माझ्या चित्राचा फोटो उघडला, कुठंतरी बोट लावलं, आणि चित्र या कुशीवरून त्या कुशीवर झालं. डाग डाव्या कानाखाली गेला, शिंगही गेलं. "झालं! आता हे टाकते आन् लिहिते, चूक मोबाईलची हुती म्हनून."

मी बघितलं. बैल बरोबर होता. पण कोळशाच्या सगळ्या रेघा भलत्या बाजूला कललेल्या. डावखुऱ्या माणसानं काढल्यासारख्या.

"हे माझं न्हाई," मी म्हणालो.

"तुमचंच हाय की. नुसतं फिरवलंय."

"माझा हात असा चालत न्हाई."

"लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस. तो शेवटचा मानूस बरोबर बोलला. बैल बघायला पायजे."

हे मी बोललो आणि ते ऐकून मलाच जरा नवल वाटलं. मला कुठं जायचं आहे असं मी कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो. सुनेनं ताट तिथंच सोडलं. आत जाऊन मालकाला मेसेज केला, आणि मी नाही म्हणायच्या आत पिशवीत पुठ्ठा, कोळसे आणि भाकरी बांधून ठेवल्या.

मालक या म्हणाला. मग सुनेबरोबर श्रीरामपूरहून एसटीनं नेवासा, तिथून काळी-पिवळी जीपनं त्या गावात. मालकाचं घर विचारावं लागलं नाही. बैलाचं घर विचारलं की कुणीही सांगतो. पत्र्याचं शेड, खाली रबराची चटई, आणि बैलाला दोन पंखे. आमच्या घरात एक आहे, तोही आवाज करतो.

मालक चाळिशीतला, बोलघेवडा. "या बाबा, या! तुमच्यामुळं माझा बैल चार दिवस उजव्या कानाचा झालता."

मी म्हणालो, "मोबाईल धरायला शिका, पाव्हणं."

तो मोठ्यानं हसला. "पोरं लई बोलली का हो तुमाला?"

"पोरांचं काय चुकलं? त्यांनी बैल बघितलाय."

मग मी बैलाजवळ गेलो. मोबाईलमध्ये तो डोंगराएवढा दिसायचा. इथं तेवढा नव्हता. डोळ्यांच्या कडांना माश्या बसलेल्या, पुढच्या एका पायाला हळदीचा लेप, आणि पेंडीचा, शेणाचा, अंगाचा मिळून येतो तो वास. डाव्या कानाखाली डाग. मी मानेवरून हात फिरवला, त्यानं कातडी थरथरवली. आमच्या घरात एवढे दिवस असलेला बैल तो हाच, आणि जिनं त्याला घरात आणलं तिनं तो कधी असा बघितला नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. कळलं तेवढंच.

मी मालकाला म्हणालो, "आमची घरची तुमच्या बैलाला लई मानायची."

"मग आनायचं की त्यांना बी! आमी काय चहा पाजला नसता का?"

सून म्हणाली, "त्या न्हाईत आता."

मालक तसाच मागं फिरला. घरात जाऊन खुर्ची घेऊन आला, ती बैलापुढं ठेवली आणि दोन पंख्यांपैकी एकाचं तोंड माझ्याकडं वळवलं. मी तो पंखा परत फिरवायला लावला. कोळशाची पूड उडत होती.

मोबाईलमधला बैल बोट लावलं की थांबायचा. हा थांबेना. कान हलवी, मान फिरवी, मी एक रेघ काढावी तोवर त्यानं दुसरीकडं बघावं. मी त्याला शिव्या दिल्या. मालकाच्या आईनं आतून विचारलं, कोन वरडतंय रं बैलावर? मालक म्हणाला, चित्रवाले बाबा हायत, वरडू दे. चहा आला आणि गार झाला. सून मालकाच्या आईशी गप्पा मारायला आत गेली. खाली बघून बघून मान दुखायला लागली. दुखते आहे हे कळत होतं.

ऊन शेडच्या बाहेर गेलं तेव्हा मालक माझ्यामागं येऊन उभा राहिला. "बाबा! झालं की! तोच हाय. टाकू का पानावर?"

"टाकू नका. डोळा झाला न्हाई."

"मोबाईलवर एवढा डोळा कुनाला दिसतोय?"

"मला दिसतोय."

सून पिशवी घेऊन बाहेर आली. "मामा, चला, शेवटची गाडी निघून जाईल."

मी पुठ्ठा उचलला आणि मालकाच्या हातात दिला. "हा घरात ठेवा. पालथा ठेवू नका, पुसंल. आन् बैलापुढं बी ठेवू नका, खाईल."

"म्हंजी? तुमी न्हेत न्हाई?"

"नेऊन काय करू? बैल इथं हाय. उद्या येतो."

"उद्या माझी बचत गटाची मीटिंग हाय," सून म्हणाली.

"तुला कोन चल म्हनलं? मला एसटी कळती."

मालक म्हणाला, "मग सकाळीच या बाबा. सकाळी त्याला धुतो, तवा गप उभा ऱ्हातो."

"हे आधी सांगायचं न्हाई का?" मी म्हणालो. दिवसभर त्याच्या कानामागं पळालो होतो.

गाडीत बसायला जागा मिळाली. सून शेजारी बसून बोलत होती. मालकाच्या आईनं काय सांगितलं, बैलाला रोज अंडी किती घालतात, पोराला फोन करून हे सगळं सांगायला पाहिजे, असं काहीतरी. मी डोळ्याचा विचार करत होतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. ती मी काढली नव्हती, म्हणून बैल भ्यायल्यासारखा दिसत होता. तिथं कोळसा बोटानं दाबून लावावा लागेल, आणि चुना अगदी कडेला, सुईएवढा.

"मामा, ऐकताय ना?"

"न्हाई," मी म्हणालो.