कालची माती

मावशीला एकच व्यसन होतं, ते म्हणजे स्वच्छतेचं; घाण तिला बघवतच नसे. समोरच्याच्या कॉलरवर डाग दिसला की बाईचे हात शिवशिवलेच! लाँड्रीवालीला ही खोड शोभते म्हणा, पण पुरानंतर तीच तिच्या मुळावर आली.

नदी दुकानात शिरली ती कमरेपर्यंत. ओसरली तेव्हा घोट्याएवढा चिखल मागे ठेवून गेली. कपडे धुण्याचं मोठं मशीन बंद पडलेलं, गिऱ्हाइकांची गाठोडी गाळात लोळलेली. शहाण्या माणसाने दाराला कुलूप घातलं असतं आणि पाहणीवाल्यांची वाट बघितली असती. नवरा तेच सांगत होता, "अगं, थांब जरा. कुणीतरी बघून जाऊ दे."

"लोकांचे कपडे आहेत ते. कुजवू का?" म्हणत तिने कंबर कसली. फरशी घासली, भिंती धुतल्या, मशीन पुसून पुसून आरशासारखं केलं. कपडे तर हाताने धुऊन, इस्त्री मारून ज्याचे त्याला पोचवले. वर पैसेही घेतले नाहीत! "माझ्या दुकानात मळले ना?" हे तिचं उत्तर.

मग सरकारी मदत कचेरीचा माणूस पाहणीला आला. आत पाऊल टाकलं, साबणाचा वास घेतला आणि म्हणाला, "इथे पाणी शिरलं होतं?"

"अहो, मशीन बंद आहे!"

"म्हातारं झालं की मशीन तसंही बंद पडतं, मावशी. नुकसान मला दिसायला नको का?" आणि 'नुकसान आढळले नाही' असं खरडून तो पुढच्या दुकानात गेला.

आता राहिला विमा. एजंटने फोनवर बजावलं होतं, "जे झालंय ते आमच्या पाहणीच्या साहेबांना दाखवा. फक्त एक लक्षात ठेवा, एक गोष्ट जरी खोटी निघाली तरी सगळा दावा गेला." दाखवणार काय, कपाळ? पुराची खूण म्हणून तिने काही शिल्लक ठेवलंच नव्हतं.

त्यात चौकातल्या मोठ्या लाँड्रीच्या मालकिणीचा निरोप आला, 'जागा आहे, ये.' उमेदीची सगळी वर्षं मावशीने तिथे काढली होती. पाणी प्यायला जायचं तरी विचारून जायचं, आणि चूक कुणाचीही असो, बोलणी हिने खायची. एक दिवस ती तिथून उठली आणि हे मशीन घेऊन स्वतःची मालकीण झाली. मशीन गेलं तर पुन्हा त्याच दारात. "त्यापेक्षा नदीनेच मला नेलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

नवरा मुकाट्याने बादली घेऊन दुकानामागे गेला. येताना चिखल भरून घेऊन आला. "यात खोटं काय आहे? जे धुतलंस तेच परत लावायचं."

तिने एकदा घासून काढलेल्या भिंतीकडे बघितलं. पण दुसरी वाट कुठे होती? तिने हात बुडवला आणि भिंतीला, मशीनला चिखल लावायला सुरुवात केली. तिथेही सवय जाईना. नवरा वैतागला, "अगं, एकसारखं काय लावतेस, रंग देतेयस का? फास नुसता!"

दुसऱ्या दिवशी विम्याचे साहेब आले. वयस्कर, सभ्य, पांढराशुभ्र शर्ट घातलेले. भिंतींचे फोटो त्यांनी काढले खरे, पण वेळ घालवला तो मशीनपाशी. मागचं झाकण उघडून बॅटरी मारली. तिथपर्यंत मावशीचा हात पोचलाच नव्हता.

"मोटर गंजलीये, आत गाळ बसलाय," साहेब म्हणाले. "पुराचंच पाणी, शंकाच नको. काम झालं तुमचं."

मावशीचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. साहेब उठायला गेले आणि त्यांची पांढरी बाही मशीनच्या कडेला घासली. चिखलाचा हा मोठा पट्टा!

"अगं बाई! इकडे करा बाही," म्हणत ओलं फडकं घेऊन ती धावलीच. "पुराचा गाळ वाळला की जन्मात निघत नाही. ही कालचीच माती आहे, आत्ता निघेल बघा."

मागे नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"कालची?" साहेबांनी विचारलं.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तिला जमलं नाही. सगळं सांगून टाकलं, बादलीसकट.

साहेबांनी एकवार भिंतींकडे बघितलं. "मोटर बघूनच मी होकार देणार होतो हो. या चिखलाची गरजच नव्हती."

"आणि आता?"

"आता ऐकलं ते ऐकलं नाही असं कसं म्हणू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

बाही अजून तिच्याच हातात होती. डाग पार जाईपर्यंत तिने ती सोडली नाही.

साहेब गेले. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाणी आणा हो बादलीभर. भिंती धुऊन टाकते. उद्यापासून सकाळी तिकडे कामावर जायचंय."