बाच्या पाल्याचं नाव

सोमेश्वर मडावी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात त्याच्याच काचेच्या बशा धूत होते. आधी रडू नाही, रागच आला. पायात बांबूचा खुंट घुसून माणूस मरतो? तोही पाल्याचे अर्क जंतूंवर तपासण्यात उमेदीची वर्षं घालवलेला?

आम्ही दोघं वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. तो जंगलातून पाला आणायचा, सावलीत वाळवायचा आणि जंतू वाढवलेल्या बशीत त्याचा अर्क टाकायचा. पाल्यात दम असला की भोवती स्वच्छ कडं उमटतं. कडं दिसलं की स्वारी अख्ख्या विभागाला चहा पाजायची! त्याचे वडील (तो त्यांना 'बा' म्हणायचा) गडचिरोलीकडच्या गावात लोकांच्या जखमांवर पाला बांधत. कशाचा, ते कोणालाच सांगत नसत; नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, ही तिकडची समजूत. लेकाच्या अभ्यासासाठी मात्र त्यांनी सांगितलं. आम्ही पुन्हापुन्हा तपासलं... कडं उमटलं नाही. सोमेश्वरनं घरी जाऊन तसं सांगून टाकलं. वडील एवढंच म्हणाले, "म्या नाव सांगतलं, म्हून गुण गेला." त्यानंतर त्यांनी कोणालाच पाला बांधला नाही. हे सोमेश्वरला फार लागलं.

दिवाळीत गावीच त्याला तो खुंट लागला. वडिलांनी भीतभीत विचारलं, बांधू का? आणि हा हो म्हणाला. पाय काळानिळा पडेपर्यंत पाला बांधून घरी पडून राहिला. दवाखान्यात मी त्याच्यावर खेकसलेच, "अरे, तुला माहीत होतं ना!" तापानं फणफणलेला सोमेश्वर म्हणाला, "बाले दुसऱ्यांदा नाई म्हणता नाई आलं, ताई..." दोन दिवसांनी तो गेला.

महिन्याभरानं वडील कॉलेजात आले, लेकाच्या स्टुलावर बसले. "बाई, म्या नाव सांगतलं नसतं तं वाचला असता ना पोरगा?"

खरं उत्तर माझ्याजवळ होतं. आमच्या बशीत त्या पाल्यानं एकही जंतू मारला नव्हता, आणि तो बांधून ठेवण्यातच उपचाराची वेळ निघून गेली होती. हे त्या बापाला कोणत्या तोंडानं सांगू? मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. उठताना ते म्हणाले, "आता तुमी तरी कोणाले सांगू नोका." मी मान हलवली.

त्या पाल्याची उरलेली पानं मागच्या खोलीत, त्यानं पसरली तशीच वर्तमानपत्रावर आहेत. मुलं विचारतात, हा कशाचा पाला, मॅडम? मी विज्ञान शिकवते. नाव सांगितल्यानं गुण जातो, यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी मी मुलांना सांगत नाही. इथेही ते नाव लिहिलेलं नाही.