वडिलांचा थोरला भाऊ

मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायचं, घरोघरची भांडणं मिटवायची, पाळकांच्या बरोबरीनं कारभार पाहायचा, यासाठी चर्चमध्ये जी जाणती माणसं निवडतात त्यांना 'वडील' म्हणतात. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका माणसाचं नाव वडील म्हणून जाहीर झालं, तेव्हा त्याचे केसही पिकले नव्हते. पण म्हातारी माणसंसुद्धा त्याला 'वडील' अशी हाक मारू लागली आणि त्याची चाल बदलली. बायको म्हणायची, "अहो, घरात आल्यावर तरी जरा खाली उतरा."

त्याला एक थोरला भाऊ होता. आईबाप गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं, हाताला धरून काच कापायला शिकवलं. पुढं दादाचं मन बिघडलं आणि बरीच वर्षं मनोरुग्णालयात गेली. आता तो बरा होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीत कामाला होता.

नेमणुकीची उपासना संपून चहा चालू होता. न बोलावता दादा आला. उसना, ढगळ कोट, हातात बिस्किटांचा पुडा. तो मोठमोठ्यानं हसत पुढं आला तशी माणसं वळून बघू लागली.

"हे कोण?" पाळकांनी विचारलं.

काचवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "ओळखीचे आहेत. दुकानात येतात."

दादाचं हसू विरलं. मग त्यानंच सावरून घेतलं. "हो, गिऱ्हाईक आहे मी यांचं. काम फार सफाईदार करतात." पुडा टेबलावर ठेवून तो निघून गेला.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. घरी ताट वाढताना ती एवढंच म्हणाली, "गिऱ्हाइकाला जेवायला तरी थांबवायचं." तो अर्ध्या ताटावरून उठला.

पुढच्या रविवारी तो मंडळीसमोर उभा राहिला आणि त्यानं रडत रडत सगळं सांगून टाकलं. दादाचे उपकार, दादाचं आजारपण, ते रुग्णालय, ती बेकरी, आपलं खोटं. बायकांनी डोळे पुसले. पाळकांनी त्याला मिठी मारली. तो हलका झाला आणि काही दिवसांनी दादाला घरी आणायला बेकरीत गेला.

दादा भट्टीपाशी नव्हता, मागच्या खोलीत रिकामी पोती झाडत होता.

"तुमच्या चर्चमधली एक बाई इथं पाव न्यायला येते," मान वर न करता तो म्हणाला. "मालकाला सांगून गेली, त्या वेड्याचा भाऊ किती मोठ्या मनाचा आहे म्हणून. तेव्हापासून मला भट्टीजवळ जाऊ देत नाहीत."

"दादा, मी माझी चूक कबूल करत होतो रे!"

"कर की. पण माझं आजारपण गावभर कशाला वाटलंस? मला विचारलं होतंस?"

काचवाल्याला तिथं उभं राहवेना. पहिल्यांदा लाज वाटली होती, तेव्हा निदान रडता तरी आलं होतं.

त्यानं पाळकांना सांगितलं, मला या पदावरून मोकळं करा.

"का पण? लोक तर तुमचं कौतुक करताहेत."

"कारण सांगता येणार नाही. ते माझ्या एकट्याचं नाही."

लोकांनी नाही नाही ते तर्क केले. त्यानं करू दिले. मालकाशी बोलतो म्हणाला, तर दादानं हात जोडले, "आता कुणाशी काही बोलू नकोस." काही महिन्यांनी मालकानं आपणहून दादाला परत भट्टीवर घेतलं. काचवाला उपासनेनंतर तिकडं जाऊन बसतो. एकदा न राहवून त्यानं विचारलं, "दादा, राग गेला का तुझा?"

"नाही अजून," दादा म्हणाला. "सरक जरा, कपड्यांना पीठ लागेल."