तारनाक्याच्या व्हॅनची चौकशी

रविवार, सकाळचे साडेदहा. तारनाक्यात रेल्वेतल्या निवृत्तांची एक गल्ली. लिंबाखाली पांढरी, सात सीटची जुनी व्हॅन उभी.

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. तीस वर्षांच्या बातमीदारीत एवढा मूर्खपणा मी दुसऱ्या कुणाचाही छापलेला नाही.

व्हॅन हवी होती आईसाठी. हिंगोलीकडच्या तिच्या गावात नवं विहार झालंय. सगळ्या घराला घेऊन एकदा तिथं जायचं, एवढंच तिचं मागणं. पण गुडघे असे, की जीपची पायरी चढवत नाही. या व्हॅनचं दार सरकतं आणि पाय वीतभरच उचलावा लागतो. विक्रीच्या जाहिरातीतला फोटो बघून आई म्हणाली, "हीच घे."

आता सरळ मालकाकडे जायचं की नाही? पण मालक स्वतःच्या गाडीबद्दल वाईट सांगतो होय? बातमी दोन ठिकाणी तपासल्याशिवाय मी छापत नाही, मग गाडी कशी घेईन? मी गिऱ्हाईक आहे हे लपवलं, खिशातली वही काढली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गाठलं. ही गाडी कुठं कुठं जाते? कधी पोलीस आले होते का? मालक माणूस कसा?

त्यानं इस्त्री उभी केली. "क्या हुआ साब? राव साब क्या करे?"

मी म्हटलं, प्रश्न मी विचारतोय.

झालं. दहा मिनिटांत गल्लीभर पसरलं, की रावसाहेबांच्या गाडीची चौकशी लागली. कुणी म्हणे आरटीओ, कुणी म्हणे सीआयडी. माझी वही बघून उरलीसुरली शंकाही गेली. आणि मी काय करावं? इतकी माणसं जमताहेत म्हणजे नक्की पाणी मुरतंय, असं समजून आवाज चढवला. या गाडीतून काय काय नेलंय ते सगळं सांगा, म्हणालो.

तर लोक सांगायला लागले हो.

इस्त्रीवाल्याची मुलगी याच गाडीत जन्मली, दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधी. एका मास्तरांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला हीच न्यायची. करोनात शेजारी शेजाऱ्याला ओळख देत नव्हता, तेव्हा रावसाहेबांनी मागच्या सीट काढून ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले. एक म्हातारी पुढे आली. तिच्या यजमानांना शेवटचं याच गाडीतून नेलं, आणि स्मशानापर्यंत एक हिसका म्हणून बसू दिला नाही, म्हणाली.

माझा पेन थांबला. मंत्र्यांचे ताफे मी पुष्कळ पाहिलेत, कधी बाजूला सरकलो नाही. त्या डबड्यासमोरून मात्र आपोआप दोन पावलं मागं सरकलो.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रावसाहेब आले. लुंगी, काडीसारखा देह, हातात फाईल. "साब, पेपरां सब बराबर है."

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "मी गाडी विकत घ्यायला आलोय."

मग इस्त्रीवाला म्हणाला, "खरीदने कू आये? तो सीधा पूछना था ना, मियाँ." साबचा मी मियाँ झालो होतो.

रावसाहेबांची बायको मागं उभी राहून सगळं ऐकत होती. मुलं परदेशी गेली, गाडी नुसतीच उभी असते, म्हणून विकायचा हट्ट तिचाच. यातलं निम्मं तिला ठाऊकच नव्हतं. डोळ्याला पदर लावून ती नवऱ्याला तेलुगूत म्हणाली, "अम्मोद्दु." म्हणजे विकायची नाही.

माझ्या बातम्यांनी भल्याभल्यांचे सौदे मोडलेत. स्वतःचा मोडायची ही पहिलीच वेळ.

घरी आईला सांगितलं. ती ओरडली नाही, तेच वाईट. नुसता रावसाहेबांचा नंबर मागितला आणि दार लोटून अर्धा तास बोलत बसली. बाहेर आली ती हसतच. विकणार नाहीत, पण स्वतः चालवत नेणार.

शनिवारी सकाळी सहाला व्हॅन नारायणगुड्यात आमच्या दारात. रावसाहेब, आई, बायको, बहीण, दोन मुलं आणि मी, बरोबर सात. कुलूप लावून खाली आलो, तर माझ्या सीटवर रावसाहेबांची बायको. मांडीवर पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा डबा. आईनं खिडकीतून हात हलवला आणि दार सरकून बंद झालं. मी बाहेरच.

विहार पाहून सगळे परत आले, त्याला आता दोन महिने झाले. आई म्हणते, सुनेला विचार. बायको म्हणते, रावसाहेबांना विचारा. रावसाहेब चहा पाजतात. माझी सीट कुणी दिली, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.