न कापलेली पानं

मी पुसदला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. भूत, आत्मा, संकेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही 'आहे' असं म्हणवत नाही. फक्त जे घडलं ते लिहिते.

आई-बाबा दारव्ह्याला राहतात. आईला वाचता येत नाही. माझी मोठी बहीण यवतमाळला शिक्षिका होती. ती सुट्टीला घरी आली की दुपारी आईला कादंबरी वाचून दाखवायची, आणि निवडायची तीही नेमकी घरातलं कोणीतरी गेल्याची. मी चिडायची, "कायले ही रडकी पुस्तकं?" आई म्हणायची, "लोकं कसे सावरतात, ते समजते न."

मागच्या वर्षी ताई तापाने गेली. पाच दिवसांत. आई रडली नाही. तेरवीनंतरही नाही. घास समोर धरून बसून राहायची. मी रजा काढून तिच्याजवळच राहिले होते.

ताई गेल्याच्या बाविसाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मी तिची अर्धी राहिलेली कादंबरी काढली. एका घरातला तरुण मुलगा अपघातात जातो, तिथून गोष्ट सुरू होते. खूण शहाण्णव पानावर होती. मी दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात आई म्हणाली, "हे झालं. बाप पोराची सायकल विकत नाही, सोताच चालवत बाजारात जाते. त्याच्या पुढचं वाच."

मी पानं चाळली. सायकल कुठेच नाही. पुढची काही पानं मात्र वरून आणि कडेनं जोडलेलीच होती... छापखान्यात कापायची राहिलेली. बाबांच्या दाढीचं ब्लेड आणून मी ती कापली. आत तो बाप होता. मुलाच्या सायकलवर, बाजाराच्या रस्त्याला.

मी ब्लेड खाली ठेवलं.

"आई, हे तुले कोणं सांगतलं?"

"ताईनं. परवा दुपारी वाचलं न तिनं. तू बाहेर गेलती."

"परवा?"

"हो." मग म्हणाली, "शेवटचं नाही वाचलं. म्हणे, ते धाकटी वाचून दाखवन."

आणि आई रडायला लागली. बाबा आतून धावत आले. तासभर ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "वाच." अंधार पडेपर्यंत मी वाचत होते. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

ताईने आधी दुसरी प्रत वाचली असेल? तिच्या मैत्रिणीला विचारलं. पुस्तक नवीनच आलेलं, दोघींनी मिळून ही एकच प्रत घेतलेली, आणि मैत्रिणीचा नंबर ताईनंतर होता. आईने अंदाज बांधला असेल? सायकल विकत नाही, बाजारात जातो... इतका नेमका? मला पटत नाही.

आईला मी पुन्हा विचारलेलं नाही. ती "वाचलं न तिनं" एवढंच म्हणेल.